गावातल्या खोलीत रॉक अल्बमचे गिटार मुद्रित करायचे आहेत: ॲम्प कोणता निवडावा?

काळीमाती यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आम्ही चौघे यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि गेली सहा वर्षे एकत्र वाजवतो. दोन गिटार, एक बास आणि ड्रम असा आमचा संच आहे. गाणी आमचीच आहेत, भाषा वऱ्हाडी आहे, आणि त्यांतली नऊ गाणी अल्बमसाठी नीट मुद्रित करायची असे या दिवाळीत ठरले. ड्रमचे मुद्रण आम्ही नागपूरला दोन दिवस जाऊन करून आणले आणि बास थेट इंटरफेसमध्ये (वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रात) घेतला. गिटार मात्र गावातच, घाई न करता मुद्रित करायचे आहेत, कारण या गाण्यांत गिटारचा आवाज हीच मुख्य गोष्ट आहे आणि स्टुडिओच्या तासांचे पैसे मोजत तो शोधणे आम्हाला जमणारे नाही.

आमच्याजवळ दोन इनपुटचा इंटरफेस, एक शुअर एसएम५७ माइक आणि १० इंची स्पीकर असलेला ३० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) आहे. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारी, एका वेटोळ्याची) आहेत, तर माझ्या चुलतभावाच्या गिटारला हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांची, जाड आवाजाची पिकअप आहेत. अडचण अशी की खोलीत भरदार वाटणारा आवाज मुद्रित झाल्यावर पातळ आणि किरकिरा होतो. तारेवर पडलेला ठोका ऐकू येत नाही, आणि दोन्ही गिटार एकदम लावले की कोण काय वाजवतो ते आम्हालाही कळत नाही.

सध्या आमच्यापुढे तीन पर्याय आहेत. नागपूरला एक वापरलेला १०० वॅटचा ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा), चार स्पीकरच्या पेटीसह, मिळतो आहे. दुसरा पर्याय म्हणजे १५ वॅटचा, १२ इंची स्पीकर असलेला नवा ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत). तिसरा म्हणजे ॲम्प घ्यायचाच नाही आणि संगणकावर ॲम्पचे सॉफ्टवेअर वापरायचे. पैसे एकदाच खर्च करता येतील. चुलतभावाचा ओढा १०० वॅटकडे आहे, कारण मोठ्या बँडच्या मागे त्याने तशाच ॲम्पची उभी भिंत पाहिलेली आहे.

मुद्रणाची खोली घराच्या मागे आहे. साधारण १२ बाय १८ फूट, विटांच्या भिंती, वर टिन. वेचणी सुरू असल्यामुळे अर्ध्या खोलीत छातीएवढा कापूस भरलेला आहे आणि भाव पाहून विकायचा असल्याने तो संक्रांतीपर्यंत तरी तिथेच राहील. विजेचा दाब स्थिर नसतो. शेतातले पंप सुरू झाले की दिवे मंद होतात. कृपया या परिस्थितीला धरून मार्गदर्शन करावे.

---

वर्धाकाठ

भाऊ, पहिल्यांदा १०० वॅटचा विचार बाजूला ठेवावा, असे मी स्पष्टपणे सांगतो आणि त्याचे कारणही देतो.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या ॲम्पपेक्षा दहापट नव्हे, तर जेमतेम दुप्पट मोठा ऐकू येतो. ट्यूब ॲम्पचा जो भरीव, दाबलेला, बोटांना उत्तर देणारा आवाज आपल्याला हवा असतो, त्यातला मोठा वाटा स्पीकरला जोर देणाऱ्या पॉवर ट्यूब आणि त्यांना स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यावर ताण आल्यावर निर्माण होतो. १०० वॅटच्या ॲम्पला तिथपर्यंत नेले तर १२ बाय १८ च्या खोलीत उभे राहणे अशक्य होईल आणि टिनाचा प्रत्येक खिळा गिटारबरोबर वाजेल. आवाज कमी ठेवला तर ज्यासाठी एवढे पैसे मोजले ते हातीच लागणार नाही. शंभर वॅटची ती भिंत उभी राहिली, कारण त्या काळी मोठ्या मैदानांत गिटारचा आवाज लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम ॲम्पलाच करावे लागे. माइक मात्र स्पीकरपासून चार बोटांवर असतो आणि त्याला मैदानाशी काही देणेघेणे नसते.

लहान ॲम्पने मोठा आवाज मुद्रित होतो, हे रॉकच्या इतिहासातच दिसते. गिटारवादक जिमी पेज यांनी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर सुप्रो कंपनीचा एक लहान ॲम्प वापरला होता, आणि त्यांनी स्वतः ते सांगितलेले आहे. ऐकणाऱ्याला ॲम्पचा आकार कळत नाही. त्याला स्पीकर, माइकची जागा आणि वाजवणाऱ्याचा हात एवढेच कळते.

आता १५ वॅटमध्ये कोणता, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे ब्रँडच्या नावाआधी स्वभाव पाहावा. ढोबळमानाने दोन घराणी मानता येतील. फेंडरच्या जुन्या घराण्यातले ॲम्प, उदाहरणार्थ डिलक्स रिव्हर्ब, जो २२ वॅटचा असून त्यात दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब असतात, हे वरच्या (बारीक) आणि खालच्या (जाड) सुरांत मोकळे आणि मधल्या पट्टीत थोडे खोलगट वाजतात. व्हॉक्स एसी१५ सारखे ईएल८४ ट्यूबचे ॲम्प वरच्या मध्य पट्टीत चमकतात आणि लवकर खरखरीत होतात. मार्शलचा उगम पाहिला तर १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला जेटीएम४५ हा फेंडरच्या बासमन ॲम्पवरूनच बेतलेला होता. पण सुटे भाग आणि स्पीकर बदलल्याने त्याचा आवाज वेगळा झाला आणि मधल्या पट्टीचा तो जोर पुढे मार्शलची ओळख बनला. आपल्या गाण्यांत गायकाचा आवाज कोणत्या पट्टीत आहे ते आधी ऐका. गायक आणि गिटार दोघेही मध्य पट्टीत भांडत असतील तर मार्शलच्या वळणाचा ॲम्प दोन्ही गिटारांना देणे चुकीचे ठरेल.

आणखी एक गोष्ट मला वॅटपेक्षाही महत्त्वाची वाटते, ती म्हणजे स्पीकर. गिटारचा स्पीकर साधारण ७० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतच नीट वाजतो आणि त्यावरचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो. हे गाळणे फार मोलाचे आहे. लग्नाच्या साउंडच्या पेटीत गिटारचा विकृत आवाज सोडून पाहिला असेल तर तो मोहोळ उठल्यासारखा का वाटतो, हे लक्षात येईल. ती पेटी वरचे सगळे जसेच्या तसे बाहेर काढते. आपला १० इंची स्पीकर लहान पेटीत बसवलेला असल्याने खालची भर देत नाही, आणि पातळपणाचे अर्धे कारण मला तिथेच दिसते.

---

जुना_रेडिओवाला

मी चाळीस वर्षे रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि नंतर टीव्ही दुरुस्तीचे काम केले. आमच्या पिढीने ट्यूबला व्हॉल्व्ह म्हटले, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. कोणता ॲम्प चांगला वाजतो हे वरचे दादा सांगतील. तो आपल्या गावच्या विजेवर टिकेल कसा आणि तुम्ही सुखरूप कसे राहाल, एवढेच मी सांगतो.

व्हॉल्व्हच्या आत तापणारी तार असते आणि तिला ६.३ व्होल्ट लागतात. हा दाब ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून भिंतीतल्या दाबाच्या प्रमाणातच येतो. भिंतीत २३० च्या ऐवजी १८० व्होल्ट असतील तर त्या तारेला पाचच्याही आत व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह पुरेसा तापत नाही, आवाज मऊ, मलूल होतो, आणि तसेच दीर्घकाळ चालवले तर त्याचे आयुष्य घटते. रात्री पंप बंद झाले की तोच दाब २५० च्या वर जातो आणि मग उलट त्रास होतो. आज संध्याकाळी मुद्रित केलेला आवाज उद्या सकाळच्या आवाजाशी जुळत नाही, अशी तक्रार घेऊन माणसे ॲम्प उघडायला सांगतात, आणि दोष ॲम्पमध्ये नसतोच. म्हणून ॲम्पच्या किमतीतून आधी स्टॅबिलायझरचे पैसे बाजूला काढावेत. टीव्हीसाठी मिळणारा रिलेचा स्टॅबिलायझर दाब बदलताना टक्-टक् वाजतो आणि ती टक्-टक् माइकमध्ये येते. शिवाय त्याच्या प्रत्येक पायरीवर दाब झटक्याने बदलतो. सर्व्हो प्रकारचा, म्हणजे मोटरने दाब हळूहळू सावरणारा घ्यावा, तो किती कमी दाबापर्यंत काम करतो हे दुकानात विचारून घ्यावे, आणि तो खोलीबाहेर ठेवावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ॲम्प असा गुरगुरतो की त्यावर काहीही मुद्रित करण्यात अर्थ नाही.

अर्थिंग तपासावे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो; आताच्या दिवसांत ओल असते, तरी त्यात पाणी टाकून मगच काम सुरू करावे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे मी अनेक पाहिले. तसे कदापि करू नये. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि अर्थ तुटलेली असताना बिघाड झाला तर तो दाब गिटारच्या तारांवर, म्हणजे तुमच्या बोटांवर येऊ शकतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकावा, तार गुंडाळू नये.

स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प सुरू करून वाजवू नये. माझ्याकडे एकदा एक मुलगा नवाच ॲम्प घेऊन आला होता. त्याने स्पीकरची वायर काढून ठेवली होती आणि आवाज येत नाही म्हणून व्हॉल्यूम पूर्ण चढवून दहा मिनिटे वाजवत राहिला होता. मागचे झाकण उघडले तर जळक्या वार्निशचा वास अजून येत होता आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा कागद कडेने तपकिरी झालेला होता. तो ट्रान्सफॉर्मर मला हाताने पुन्हा गुंडाळावा लागला आणि त्या मुलाच्या हंगामाची कमाई त्यात गेली.

आता सर्वात गंभीर गोष्ट. तुमच्या खोलीत सुटा कापूस आहे. व्हॉल्व्हची काच हात भाजेल एवढी तापते, आणि कापसाचे तंतू हवेतून उडून ॲम्पच्या जाळीतून आत जाऊन बसतात. व्हॉल्व्ह ॲम्प त्या खोलीत ठेवूच नका. तो ओसरीत किंवा शेजारच्या खोलीत ठेवा आणि फक्त स्पीकरची पेटी कापसाच्या खोलीत न्या. मधली वायर स्पीकरचीच असावी, दोन जाड तारांची. गिटारची बारीक केबल त्या कामाला लावली तर तीच तापते. पेटीचा आणि ॲम्पचा ओहमचा आकडाही जुळवून घ्यावा.

---

मेळघाट_रिफ

वरच्या दोन्ही उत्तरांचा मान राखून मी वेगळे मत मांडतो. आमच्याकडे धारणीच्या बाजूला वीज इतकी बेभरवशाची आहे की मी ॲम्पचा नाद सोडला आणि संपूर्ण मुद्रण लॅपटॉपच्या बॅटरीवर, सॉफ्टवेअरमधल्या ॲम्पने केले. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे साधन विनामूल्य आहे आणि खऱ्या ॲम्पचा आवाज शिकून तो ज्या जवळिकीने उभा करते त्याने मी थक्क झालो. स्पीकर आणि माइक यांचा भाग इम्पल्स रिस्पॉन्सच्या (खऱ्या पेटीच्या आवाजाचा ठसा असलेल्या) फाइलने होतो, आणि ती फाइल बदलली की जणू पेटी बदलते. तुमच्या पैशांत ऐकण्यासाठी दोन चांगले स्पीकर आणि हेडफोन येतील आणि बाकीचे शिल्लक राहतील.

एक गोष्ट मात्र मला सॉफ्टवेअरमध्ये मिळाली नाही. ॲम्पसमोर उभे राहून सूर लांबवला की स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते आणि सूर आपोआप उमलतो. हेडफोन लावून बसले की ते होत नाही, आणि माझ्या दोन गाण्यांत ती उणीव मला आजही ऐकू येते.

तुम्ही काहीही घ्या, पण प्रत्येक वेळी गिटारचा कोरडा सिग्नल दुसऱ्या ट्रॅकवर जपून ठेवा. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल दोन वाटांनी देणाऱ्या डबीतून) एक वाट इंटरफेसला आणि दुसरी ॲम्पला द्यावी. नंतर आवाज पसंत पडला नाही तर वाजवणे पुन्हा करावे लागत नाही. तोच कोरडा ट्रॅक री-ॲम्प बॉक्समधून (मुद्रित सिग्नल ॲम्पजोगा करणाऱ्या डबीतून) कोणत्याही ॲम्पमध्ये पुन्हा सोडता येतो.

---

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. काकाजी, आपण कापसाबद्दल जे लिहिले ते आमच्या कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. घरी वाचून दाखवले तेव्हा वडिलांनी त्याच दिवशी खोलीतला बल्बचा जुना होल्डरही बदलून घेतला. चार दिवस मीटर लावून दाब पाहिला. सकाळी दहाला २२८, संध्याकाळी सहाला १७९, रात्री साडेअकराला २४६ असे आकडे मिळाले. सर्व्हो स्टॅबिलायझर घेण्याचे नक्की केले आहे आणि १०० वॅटचा विषय चुलतभावानेही सोडला आहे.

आता माझ्यापुढे एकच शंका उरली. ट्यूब कॉम्बो एकच येईल आणि गिटार दोन आहेत. दोघांनीही त्याच ॲम्पमधून मुद्रण केले तर गोंगाट पुन्हा तसाच होईल का? आणि अर्धी खोली कापसाने भरलेली असणे मुद्रणाला चांगले की वाईट?

---

संत्रानगरी_ध्वनी

मी नागपुरात ध्वनिमुद्रणाचे काम करते आणि आपल्यासारखे बरेच बँड माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही गिटार एकाच ॲम्पमधून, एकाच सेटिंगवर, एकाच माइकने मुद्रित केले तर ते नक्कीच एकमेकांवर चढतील. पण त्यासाठी दोन महागडे ॲम्प लागत नाहीत. आपला ३० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प टाकाऊ समजू नका. ट्रान्झिस्टर ॲम्प रॉकला चालत नाही हा समज खरा नाही; रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे आणि स्वच्छ आवाजासाठी आजही लोक तो शोधत येतात. आपल्या ॲम्पचा अशक्त भाग त्याचा स्पीकर आणि पेटी हा आहे. गावातल्या सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडची एक पेटी करून घ्या, मागून अर्धी उघडी, आणि तिच्यात गिटारचा १२ इंची स्पीकर बसवा. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा असतो, तो १५ वॅटच्या ट्यूब ॲम्पला पुरेल, पण ३० वॅटच्या ट्रान्झिस्टरवर तो जळण्याचा धोका राहील. व्हिंटेज ३० हे नाव असलेला स्पीकर प्रत्यक्षात ६० वॅट सहन करतो, म्हणून दोन्ही ॲम्पना एकच पेटी चालेल. कॉम्बो घेताना मागे बाहेरच्या स्पीकरसाठी जॅक आहे ना, हे मात्र पाहून घ्या, नाहीतर ॲम्प ओसरीत आणि पेटी आत ही काकाजींची व्यवस्था जमणार नाही.

मग वाटणी अशी करता येईल. हंबकरचा गिटार ट्यूब ॲम्पवर, गेन (आवाज किती खरखरीत व्हावा ते ठरवणारी खुंटी) मध्यम, आणि सिंगल कॉइलचा गिटार ट्रान्झिस्टरवर, जवळजवळ स्वच्छ. ज्या गाण्यात उलटे हवे असेल तिथे उलटे करावे. एक गिटार जाड असला की दुसरा बारीक असायला हवा, आणि दोघे वेगवेगळ्या सप्तकांत वाजवत असतील तर अर्धे काम ॲम्पला हात लावण्याआधीच झालेले असते.

गेनबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. मंचावर जेवढा गेन ठेवता त्याच्या निम्म्यावर मुद्रणाला सुरुवात करा. गेन वाढला की सुराचा आरंभ आणि शेवट एका पातळीवर दाबले जातात. एकट्याने ऐकताना ते भारी वाटते, पण ड्रम आणि बास आले की ठोका बुडतो. तुमचा ठोका हरवतो तो इथे. भार हवा असेल तर कमी गेनवर तोच भाग पुन्हा एकदा वाजवा आणि एक ट्रॅक डावीकडे, एक उजवीकडे लावा. हातांच्या बारीकसारीक फरकामुळे जी रुंदी येते ती गेनच्या खुंटीतून येत नाही.

माइकची जागा शोधायला एक पूर्ण संध्याकाळ द्या. पेटीच्या जाळीवर हातातल्या टॉर्चचा उजेड पाडा म्हणजे आतल्या स्पीकरची मधली टोपी दिसेल. एसएम५७ त्या टोपीच्या काठासमोर, जाळीपासून दोन बोटांवर ठेवा. एकाने ओसरीत गिटार वाजवावा, दुसऱ्याने हेडफोन लावून माइक हळूहळू स्पीकरच्या बाहेरच्या काठाकडे सरकवावा. टोपीच्या मध्यावर आवाज धारदार आणि चरचरीत असतो, तर अर्ध्या इंचाने बाजूला गेले की तो गोल होऊ लागतो. आवडलेल्या जागी जाळीवर खडूने खूण करा. जमिनीचे परावर्तन टाळण्यासाठी पेटी दोन विटांवर किंवा स्टुलावर ठेवा. दुसरा माइक मिळाला तरी लगेच वापरू नका. एका माइकपेक्षा दुसरा १७ सेंटिमीटर मागे असला तर १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोघांच्या मिश्रणात कापला जातो, आणि नवशिक्याला तो पोकळपणा ॲम्पचा दोष वाटतो.

कापसाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहात. शहरात आम्ही पैसे मोजून चार-सहा इंचांची शोषक पत्रे लावतो, आणि ती खालच्या सुरांवर फारसे काम करत नाहीत. १०० हर्ट्झच्या लहरीचा चौथा भाग साधारण ८६ सेंटिमीटर होतो, म्हणून तेवढ्या जाडीचा सच्छिद्र ढीग त्या सुरालाही पोटात घेतो, आणि आपल्या खोलीत तसा ढीग आधीच आहे. पेटीचे तोंड कापसाकडे करा, पेटी भिंतीपासून निदान तीन फूट पुढे ठेवा. एवढ्या शांत खोलीत आवाज कोरडा येईल, ते चालेल. लीडच्या, म्हणजे एकल धुनेच्या भागांना थोडी हवा हवी असेल तर पेटी ओसरीत काढून तेच भाग पुन्हा घ्या. टिनाचा प्रश्न वेगळा आहे. जाड तारेवरचा एकेक सूर सावकाश वाजवत जा आणि कोणत्या सुराला पत्रा झणझणतो ते ऐका. त्या जागी आतून लाकडी पट्टी ठोकून तो घट्ट करा, नाहीतर ती झणझण प्रत्येक ट्रॅकमध्ये येईल.

मेळघाटच्या दादांनी सांगितलेला कोरडा ट्रॅक जरूर ठेवा. मिश्रणाच्या वेळी मी स्वतः त्याने अनेक गाणी वाचवली आहेत.

---

काळीमाती

ताई, काकाजी आणि दोन्ही दादा, सव्वा महिन्याने लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. तूर काढणीत दिवस गेले.

ईएल८४ ट्यूबचा १५ वॅटचा कॉम्बो घेतला, मागे बाहेरच्या स्पीकरचा जॅक पाहूनच. सर्व्हो स्टॅबिलायझर त्याच्याआधी आणला. पेटी आमच्या गावच्या सुतारकाकांनी तीन दिवसांत केली. त्यांनी कोपऱ्यांना बैलगाडीच्या साटीला मारतात तशा लोखंडी पट्ट्या मारल्या आहेत आणि ती दोन माणसांशिवाय उचलत नाही. ॲम्प ओसरीत, पेटी कापसाच्या खोलीत, मध्ये वीस फुटांची स्पीकर वायर. खोलीच्या खिडकीची फट गोधडीने बुजवली. वरच्या टिनाला जाड तारेच्या ए सुरावर झणझण होती, ती दोन पट्ट्या ठोकल्यावर थांबली. कापसातल्या किड्यांमुळे माइक सरकवणाऱ्याच्या हाताला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आत जावे, एवढे आमच्यासारख्या इतरांसाठी नोंदवून ठेवतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही फक्त खूण शोधली. टोपीच्या काठापासून बोटभर बाहेर, माइक किंचित तिरपा. चुलतभावाने गेन सातावरून साडेतीनवर आणला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता; पण ड्रमबरोबर लावून ऐकले आणि पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) तारेवरचा स्पर्श पहिल्यांदाच कानावर आला, तेव्हा त्याने तो ट्रॅक चार वेळा ऐकला आणि आणखी कमी करून पाहू, असे स्वतःच म्हणाला. माझा सिंगल कॉइलचा गिटार ट्रान्झिस्टर ॲम्पमधून नव्या पेटीवर घेतला. त्यात पंपाच्या वेळी बारीक गुणगुण येत होती, ती रात्री साडेदहानंतर मुद्रण केल्यावर गेली. आता रोज रात्री साडेदहा ते दीड असे काम चालते. शेजारच्यांना आधी विचारून घेतले आहे, आणि बंद खोलीतल्या कापसामुळे बाहेर फारच थोडा आवाज जातो, असे त्यांनीच सांगितले.

पाच गाण्यांचे दोन्ही गिटार पूर्ण झाले आहेत, कोरडे ट्रॅकही ठेवले आहेत. कापूस पुढच्या आठवड्यात जिनिंगला जाणार असे वडील म्हणत होते. उरलेल्या चार गाण्यांसाठी ढीग अजून दहा दिवस राहू द्यावा, अशी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.